मशिदीत गेलं नाही तर काय अडतं?

पत्र

मावशी, शालोम. मी ४१ वर्षांची, बेने इस्राएल. मुंबईच्या लांबच्या एका उपनगरात राहते, मशीद (आमचा सिनेगॉग) गाडीने तासाभरावर आहे. सात महिन्यांपूर्वी पप्पा गेले. भाऊ अश्दोदला असतो, तो आला, सात दिवस बसला आणि परत गेला. महिन्याच्या दिवशी आई, मी आणि माझा बारा वर्षांचा मुलगा सकाळी सातला मशिदीत पोचलो. नवऱ्याची ऑफिसची वेळ होती. पुरुष जमले सात, लागतात दहा. पाऊण तास वाट पाहिली, हझानसाहेबांनी (प्रार्थना चालवणाऱ्यांनी) दोघातिघांना फोन केले, शेवटी पप्पांसाठीची प्रार्थना, कद्दीश, न म्हणताच आम्ही परत आलो. मी तिथे होते, पण मला कोण मोजणार? त्यात एका काकांनी सगळ्यांसमोर मुलाला विचारलं, "अजून हिब्रू वाचता येत नाही?" त्यानंतर मी गेलेले नाही. शुक्रवारी घरी दिवा लावते, शमा, म्हणजे 'देव एकच' ही प्रार्थना, म्हणते. मुलगा कधीकधी परदेशातल्या मशिदीची प्रार्थना मोबाइलवर लावतो. मन शांत राहतं. आमच्या मशिदीत निम्मा वेळ गप्पा आणि निम्मा वेळ ट्रस्टींची भांडणं. देव घरी भेटत असेल तर तिथे जायचं कशाला? पुढच्या वर्षी मुलगा तेराचा होईल, त्याचं बार मिट्झवा आहे. नवरा म्हणतो हॉल घेऊ, हझानना बोलावू, झालं. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर

अगं, प्रश्न तू देवाचा विचारला आहेस, पण पत्रभर दुखतंय ते त्या सकाळचं. म्हणून आधी तेच घेऊ.

वडिलांचा महिना, आईला हाताला धरून आणलेलं, आणि तीन माणसं कमी. "होतं गं असं कधीकधी" म्हणणारे तुला भेटले असतीलच. मी तसं म्हणणार नाही. घरातलं माणूस गेलेल्या बाईला रिकाम्या हाताने परत पाठवणाऱ्या जमातीची मान खाली जायला हवी. तुझा राग जागच्या जागी आहे, तो गिळू नकोस.

इथे बाकीच्या वाचकांसाठी दोन ओळी. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. सिनेगॉगला आम्ही पिढ्यानपिढ्या मशीद म्हणत आलो. मुंबईत मशीद नावाचं स्टेशन आहे, तेही आमच्या मांडवीतल्या जुन्या मशिदीवरून पडलेलं, असं सांगतात. मशिदीतली काही प्रार्थना तेरा वर्षं पूर्ण केलेले दहा पुरुष हजर असल्याशिवाय होत नाही. त्या दहांचा मिनयान. मेलेल्या माणसासाठी मुलं जी प्रार्थना म्हणतात ती कद्दीश, आणि तिला मिनयान लागतोच.

आता तुझा मुद्दा. घरी देव भेटतो का? भेटतो. यात तुझी बाजू मी तुझ्यापेक्षा जोरात मांडते, बघ. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही कथा तू इतिहास म्हणून घे की नुसती घराण्याची आठवण म्हणून घे, पण १७९६ पर्यंत आपल्या लोकांना एकही मशीद नव्हती ही गोष्ट पक्की. सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, हाताशी नव्हता. हिब्रू विसरून गेलं होतं. उरलं ते सगळं घरातलं. आठव्या दिवशी मुलाची सुंता, पर आणि खवले असलेलीच मासळी, शनिवारी बंद ठेवलेला तेलाचा घाणा, आणि शमाची एक ओळ. जन्म असो, लग्न असो, मयत असो, म्हणायला तेवढीच ओळ होती. बाहेरून आलेल्या दाविद रहाबी या यहुद्याने आपल्याला ओळखलं ते या मासळीवरून आणि या ओळीवरून, ही गोष्ट तूही आजीकडून ऐकली असशील. म्हणजे पुढे ज्याच्यावर मशिदी उभ्या राहिल्या तो धर्म शेकडो वर्षं सांभाळला तो चुलीपाशी बसणाऱ्या बायकांनी. मासा सुपात घेऊन खवले आहेत की नाहीत हे बघायला कुठला हझान येत नव्हता.

तर घराला कमी लेखायचं कारण नाही. फक्त ते घर कसलं होतं, ते नीट बघ.

शनिवारी एकाच तेल्याने घाणा बंद ठेवला असता तर गाव म्हणालं असतं, बिचाऱ्याला ताप आला असेल. आपल्याला अख्ख्या कोकणाने शनिवार तेली म्हणून ओळखलं, कारण गावोगावच्या आपल्या सगळ्या घरांचे घाणे एकाच दिवशी थांबायचे. धंद्याचं नुकसान सगळ्यांनी मिळून सोसायचं, म्हणून ते सोसवायचं. दरफळणीचा सण घे. आज आपण त्याला योम किप्पुर म्हणतो. त्या दिवशी आपले लोक आंघोळ करून, पांढरे कपडे घालून, उपास धरून घराचं दार लावून बसत. यापेक्षा घरगुती सण कुठला? पण दार लागायचं ते सगळ्यांचं एकदम, आणि दुसऱ्या दिवशी शिळ्या सणाला तीच दारं उघडून लोक एकमेकांकडे जायचे, गरिबांना द्यायचे. लग्न लावायला आणि भावाभावांतले तंटे मिटवायला आपले काजी गावोगाव हिंडायचे. भिंतींची मशीद नव्हती, जमात होती. ती पाचपंचवीस घरांत पसरलेली होती इतकंच.

तुझ्याकडे त्यातलं काय आहे? तू, आई, मुलगा, नवरा. तुमच्या सोसायटीत दारावर मेझुझा (चौकटीवरची शास्त्रवचनाची डबी) असलेला दुसरा फ्लॅट बहुधा नसेल. २०११ च्या जनगणनेत देशभरात ज्यू म्हणून नोंदलेले लोक साडेचार हजारांच्या थोडे वर निघाले, त्यातले निम्म्याहून जास्त आपल्या महाराष्ट्रात. एकोणीसशे पन्नासच्या आसपास हाच आकडा वीस हजारांच्या वर होता. अश्दोद, दिमोना, बीरशेबा, लोद इकडे माणसं गेली, आणि गेली ते बरंच केलं, त्यांचं तिकडे नीट चाललंय. पण तुझ्या आजीचं घर ज्या आळीत उभं होतं ती आळी आता नाही. अलिबाग, रेवदंडा, पेण इथल्या मशिदी आजही उभ्या आहेत, सणावारी उघडतात, मुंबईहून माणसं जातात तेव्हा दिवे लागतात. रोजचा मिनयान तिथे जमत नाही. आजीला शेजारून जे आपोआप मिळायचं ते तुला आता तासभर गाडीत बसून आणावं लागतं. हे तुझ्यावर अन्यायाचं आहे, मान्य. पण त्याला दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही.

मशीद आली तेव्हा नेमकं काय बदललं, तेही सांगते. सॅम्युअल इझिकेल दिवेकर कंपनीच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेत सापडले, सुटले तर मशीद बांधीन असं बोलले, अशी कथा आहे. सुटले आणि शआर हारहामीम बांधली. मग शिकवणारे लागले, ते कोचीनहून आले. शेलोमो सालेम शुर्राबी हे त्यातलं मोठं नाव, मुंबईत हझान होते. पुढच्या पिढीत जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी हग्गादा (वल्हांडण सणाची पोथी) छापून निघाली, तिच्या चित्रात मत्झा (बिनखमिराची भाकर) करणाऱ्या बायका चक्क लुगडं नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास तर आपल्या लोकांनी अब्राहाम आणि योसेफाच्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली, टाळ-झांजांसकट. एकेकट्या घरात बसून यातलं काही झालं नसतं. शिकवायला आलेला माणूस एका ओट्यावर बसवावा लागतो आणि त्याच्यासमोर दहा पोरं बसावी लागतात. घराने धर्म टिकवला हे खरंच आहे, पण घराला वाचायला येत नव्हतं. मशिदीने वाचायला शिकवलं.

आता कद्दीश, कारण खरा गुंता तिथे आहे.

तू शमा एकटीने म्हणू शकतेस. अमीदा ही उभ्याने म्हणायची प्रार्थना एकटीने म्हणू शकतेस. मनातलं जे बोलायचं ते रात्री दोन वाजता उशीत तोंड खुपसूनही बोलू शकतेस. कद्दीश एकट्याने म्हणता येत नाही, हा कोणा ट्रस्टीने काढलेला नियम नाही. कद्दीशचा शब्द न् शब्द ओळखीचा झालाय तुला, पण अर्थ कधी पाहिलास का? त्यात मरणाचा उल्लेखच नाही. त्यात पप्पा नाहीत, दुःख नाही, आत्म्याला शांती वगैरे नाही. आरंभापासून शेवटपर्यंत देवाच्या नावाची थोरवी. ज्याचा बाप गेलाय त्याने लोकांसमोर उभं राहून ती म्हणायची आणि समोरच्यांनी मध्येच मोठ्याने "आमेन, येहे श्मेह रब्बा" म्हणून जबाब द्यायचा. सगळी प्रार्थना त्या जबाबावर उभी आहे. ज्याच्या तोंडून त्या दिवसांत देवाचं नाव धड निघत नाही, त्याच्या आधाराला नऊ जण तेच नाव घेतात. जबाब द्यायला कोणी नसेल तर म्हणणाऱ्याने म्हणायचं कोणाला?

म्हणून तुझा प्रश्न मी जरा फिरवून तुलाच विचारते. त्या सकाळी तू मशिदीत मनःशांती घ्यायला गेली नव्हतीस. ती तुला घरी मिळते, तूच लिहिलं आहेस. तू गेलीस कारण तुला दहा माणसं हवी होती, आणि ती घरी मिळत नाहीत. मग दुसऱ्या कोणाचा बाप जाईल तेव्हा त्यालाही हवी असतील. आपल्या धर्मात मशिदीचं काम हेच आहे, माझ्या मते. तिथे जाऊन काही मिळतं, कधीकधी पुष्कळ मिळतं, पण तो नंतरचा भाग. आधी तिथे कोणीतरी मोजत बसलेलं असतं, आणि आकडा कमी पडत असतो.

तर त्या सकाळी सात आले. तीन कमी पडले. तुझा नवरा त्या तिघांतला एक. रागावू नकोस, पण पत्र वाचताना मी त्या वाक्यापाशी थांबले. सासऱ्याच्या महिन्याला ऑफिसची वेळ सांभाळणारा माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही. मुंबईत लेट मार्क लागतो, बॉस बोलतो, सगळं ठाऊक आहे. पण मग जे दुसरे दोघे आले नाहीत त्यांनाही ऑफिस असेल, एवढं त्यांच्या खाती लिही. आणि जे सात आले ते कोण? त्यातल्या किती जणांनी तुझ्या पप्पांना नीट पाहिलं तरी होतं? वाराच्या दिवशी, सकाळी सातला, ओळखही नसलेल्या माणसासाठी ते पाऊण तास उभे राहिले. तुला त्यांची नावं माहीत आहेत का?

गप्पांबद्दल. तुला त्या सलतात ते मला कळतं. हझान वाचताहेत आणि मागे कोणीतरी फ्लॅटचा भाव सांगतंय, हे मलाही आवडत नाही, मी वळून डोळे मोठे करते. पण प्रार्थना संपल्यानंतरच्या गप्पांना हात लावू नकोस. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, सकाळची प्रार्थना झाली की किद्दूश, म्हणजे पेल्यावरचा आशीर्वाद, होतो. पेल्यात काळ्या मनुकांचं शरबत. मनुका आदल्या रात्री भिजत घालायच्या, शुक्रवारी दिवे लागायच्या आत हाताने कुस्करून फडक्यातून पिळून काढायच्या, बिया आणि साली मागे राहतात आणि बोटं दुसऱ्या दिवसापर्यंत तपकिरी दिसतात. हे काम कोणीतरी बाई निमूट करून ठेवते. मग घोट घोट शरबत, आणि मग हात. समोरच्याच्या बोटांना बोटं लावायची आणि आपली बोटं ओठांना टेकवायची, रांगेने, म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत. त्या रांगेत कळतं कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोणाला भाड्याची खोली हवी, कोण तीन शनिवार दिसलं नाही, कोणाच्या वडिलांचा महिना कोणत्या वारी येतो. दहा माणसं जमतात ती या बातमीवर जमतात. तुझ्या पप्पांच्या महिन्याची बातमी त्या रांगेतून फिरली होती का? मला वाटतं नव्हती. तुम्ही सरळ त्या दिवशी सकाळी पोचलात आणि हझानसाहेब पावणेआठला फोन फिरवत बसले. यात दोष हझानांचाही आहे, दोन दिवस आधी त्यांनी विचारायला हवं होतं. पण पुढच्या वेळी त्यांच्यावर सोडू नकोस.

ट्रस्टींच्या भांडणांवर माझ्याकडे औषध नाही. मुकादम, चौगुला, गबाय या जुन्या कारभाऱ्यांच्या काळातही भांडणं होती, त्यांच्या नातवंडांच्या काळातही असतील. मीटिंगला जाऊ नकोस, तो व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट कर, आणि कोणी "तुमचं मत कोणाला?" विचारलं तर शरबत छान झालंय म्हण.

आता बायकांना न मोजण्याचं. इथे मी गोड बोलणार नाही. वरच्या गॅलरीत बसायचा मान मोठा, घराचा कणा तर बाईच, ही वाक्यं मी खूप ऐकली आहेत, आणि ती म्हणणारा बहुतेक वेळा खाली बसलेला असतो. जी मशीद जुन्या शास्त्राने चालते तिथे तू दहांत धरली जाणार नाहीस, हे आजचं खरं आहे. पण आपल्याच लोकांनी दुसरी वाटही केलेली आहे. १९२५ साली मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन सुरू झाली, त्यात पुढाकार होता डॉ. जेरुशा झिराडांचा. त्या आपल्यातल्या, कामा हॉस्पिटलपर्यंत नाव गाजवलेल्या डॉक्टर, पुढे पद्मश्री मिळालेल्या. त्यांची भायखळ्याची रोदेफ शालोम ही उदारमतवादी मशीद. दिल्लीच्या जुडाह हयाम मशिदीत तर मिनयानमध्ये बायकांनाही मोजतात. तेव्हा "आपल्यात चालतच नाही" असं कोणी तुला ठणकावून सांगितलं तर त्याला शंभर वर्षं मागे जाऊन बघायला सांग. आणि तुझ्या मशिदीतही हझानना सरळ विचार: मिनयान जमलेला असेल तेव्हा मी माझ्या जागेवरून कद्दीश म्हणाले तर चालेल का? काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. नाही म्हणाले तर ते त्यांच्या तोंडून ऐक. मनातल्या मनात नाही धरून बसू नकोस.

एखादी मशीद मानवतच नसेल तर दुसरीकडे जाऊन बघायला हरकत नाही. आग्रीपाड्याला मागेन हसीदीम आहे, जेकब सर्कलला तिफेरेथ इस्राएल, ठाण्याला १८७९ पासूनची शआर हाशामायीम. प्रत्येकीचा सूर वेगळा, माणसं वेगळी. शब्बाथला गाडीत बसावं की नाही, हा प्रश्न तू विचारलेला नाहीस आणि मीही त्यात शिरत नाही, तो शास्त्र जाणणाऱ्याला विचार. पण सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही सेफेर काढतात, अर्थात माणसं असली तर. सुट्टीच्या सोमवारी जा. रोज किंवा दर शनिवारी जा असं मी सांगणारच नाही, तासभराच्या गाडीत ते तुझ्याने दोन महिने होईल आणि मग कायमचं सुटेल. महिन्यातून एक दिवस धर, आणि तो मोडू नकोस.

मोबाइलवरच्या प्रार्थनेचं थोडक्यात. ऐकू दे त्याला, वाईट काही नाही. आमेन म्हणू दे. पण त्या पडद्यातून तो दहावा होत नाही, आणि तिथल्या एकाही माणसाला हा मुलगा तापाने निजलाय हे कळणार नाही. शिवाय त्या चाली आपल्या नाहीत. आपल्या चाली अजून काही म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहेत, त्या त्यांच्या शेजारी उभं राहूनच येतात.

आणि हे मुलाच्या बार मिट्झवाचंही उत्तर आहे. हॉल घ्या, जेवण द्या, फुगे लावा, माझं काही म्हणणं नाही. हझान आले आणि पाहुण्यांत दहा पुरुष निघाले तर हॉलमध्येही मिनयान होतो. पण बार मिट्झवाच्या दुसऱ्या दिवशी काय? तेरा झाल्यावर त्याला मोजतात, हाच तर त्या सगळ्याचा अर्थ. ज्या सकाळी सात पुरुष आले होते त्या सकाळी तो तिथे उभा होता आणि त्याला मोजता येत नव्हतं. पुढच्या वर्षी तशाच एखाद्या सकाळी मोजता येईल. हे त्याला सांग. बारा वर्षांच्या पोराला "तुझ्यावाचून अडतं" हे ऐकायला मिळत नाही फारसं, घरी तर अभ्यास आणि स्क्रीन टाइम एवढंच ऐकतो तो.

शिकवायला माणूस शोध. त्या काकांकडे मात्र पाठवू नकोस. प्रत्येक मशिदीत असे एक काका असतातच, त्यांना हिब्रू येत असेल, पण पोराला चारचौघांत टोचणारा माणूस शिक्षक म्हणून कामाचा नाही. त्या सातांमध्ये बघ. त्यात एखादे निवृत्त गृहस्थ असतील, हळू बोलणारे, सिद्दूरमध्ये (प्रार्थनेच्या पुस्तकात) बोट धरून वाचणारे. त्यांच्या बाजूला मुलाला बसव, प्रार्थनेनंतर अर्धा तास त्यांना माग. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. विचारणारं कोणी नसतं, म्हणून ते बसून असतात.

आता पप्पांचं. कद्दीश अकरा महिने म्हणतात, म्हणजे अजून चार हातात आहेत. अश्दोदमध्ये दिवसातून तीनदा मिनयान मिळतो आणि आपल्या लोकांच्या मशिदीही तिथे आहेत. भावाला आडून न विचारता सरळ विचार, रोज म्हणतोस का? म्हणत असेल तर आईला सांग, तिच्या मनावरचं अर्धं ओझं उतरेल. म्हणत नसेल तर आजपासून म्हण म्हणावं, आणि आईला त्या वेळी फोन लावून ऐकव म्हणावं.

वर्षाच्या जारतीची, म्हणजे गेलेल्याच्या आठवणीच्या विधीची, तारीख इंग्रजी कॅलेंडरवरून धरू नकोस, हिब्रू पंचांगाने काढ. पप्पा सूर्य मावळल्यावर गेले असतील तर पुढची तिथी लागते, हे हझानना आवर्जून सांग, इथे पुष्कळांची चूक होते. तारीख हातात आली की महिनाभर आधी किद्दूशच्या रांगेत सांगायला सुरुवात कर, दोन दिवस आधी एकेकाला फोन कर, आणि दहांवर थांबू नकोस, चौदा जणांना बोलाव. कोणाची गाडी चुकते, कोणाची शुगर वाढते.

पण त्याआधी एक मलिदा, हा आपला घरगुती विधी, कर, तुझ्या घरी. त्या सात जणांना बायका-पोरांसकट बोलाव. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, वर पाच फळं, सब्ज्याची डहाळी, आणि एलियाहू हानबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव. ते तुला शिकवायला नको, आईला येतं सगळं, तिलाच ताट मांडू दे. सात महिने ती नुसती बसून असेल. पुरुष ताटाभोवती बसतील, एलियाहूचं गाणं होईल, फळांवरच्या बेराखा (आशीर्वाद) मुलाला म्हणू दे, छोट्या आहेत, आठवड्यात पाठ होतील. तुझ्या सोसायटीच्या जिन्यात त्या संध्याकाळी आपलं गाणं ऐकू जाईल. तुला घरातच देव हवा होता ना, मग जमातीलाच घरी आण.

हझानना या आठवड्यात फोन कर. शुक्रवारी दुपारनंतर नको, ते शब्बाथच्या गडबडीत असतात, रविवारी सकाळी लाव.